देठालाच आपण फळ म्हणतो!

उन्हाळ्यात धारगळच्या डोंगरउतारावर पिकल्या बोंडूंचा वास दरवळू लागला की मुलांना घर आठवत नाही. परंतु बोंडू हा वस्तुतः फुगलेला देठ होय. खरे फळ म्हणजे त्याच्याखाली लोंबणारी काजूची बी! हे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोमंतकात आणले, आणि तिकडल्या तुपी लोकांचा ‘अकाजू’ आपल्या तोंडी ‘काजू’ झाला. बोंडूच्या रसाची थोरवी मोठ्यांना सांगावयास नकोच!

आंबा हा काजूचा भाऊबंद. दोघांचाही चीक अंगाला बाधतो. त्यातून काजूच्या टरफलातील तेल फारच दाहक. म्हणून मातांनो, मुले कच्ची बी दातांनी फोडू लागली तर वेळीच हटका; ओठांवर फोड उठतात. बिया भाजतानाही त्यांना धुरापासून दूर ठेवावे. भाजलेला गर मात्र खुशाल खाऊ द्यावा.