महाकाय व्यक्तिरेखांचे आकर्षण : भय आणि आश्रय

काल्पनिक महाकाय व्यक्तीचे भय वाटावे हे स्वाभाविक होय. परंतु तिच्याविषयी ओढही वाटते, याचा उलगडा केवळ आकारावरून होत नाही. जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा (१७२६) दुसरा भाग या दृष्टीने उद्बोधक आहे. ब्रॉब्डिंग्नॅगमधील माणसे गलिव्हरच्या सुमारे बारापट उंच आहेत. राणीच्या तरुण सख्या त्याला खेळण्याप्रमाणे हाताळतात; त्यांच्या खडबडीत त्वचेची व देहगंधाची त्याला किळस येते. उलट, जवळजवळ चाळीस फूट उंचीची नऊ वर्षांची ग्लमडॅल्क्लिच त्याला जिव्हाळ्याची वाटते, कारण ती त्याचा सांभाळ करते. प्रमाणातील विषमता दोन्हीकडे आहे. भाव मात्र परस्परविरुद्ध आहेत.

एडमंड बर्कने १७५७ साली भव्यतेचे मूळ भयात शोधले. मात्र संकट अगदी निकट आल्यास आनंद उरत नाही, हेही त्याने नमूद केले. बोदलेअरच्या १८५७ मधील काव्यसंग्रहात महाकाय तरुणीवर एक कविता आहे. तीत तिचा देह जणू निसर्गदृश्य होतो आणि कवी तिच्या छायेत विसावा इच्छितो.

अशा कल्पनेत प्रौढ मनुष्य पुन्हा बाल्यावस्थेत शिरतो, असे स्पष्टीकरण देता येईल. परंतु ते अपुरे आहे. कारण मूल मोठ्यांना बिलगते, तसेच भितेही. तेव्हा निर्णायक प्रश्न आकाराचा नसून सामर्थ्याच्या वापराचा ठरतो. चिरडण्याची शक्ती असूनही जो हात जपतो, त्याचीच ओढ वाटते.