कर्कपेशींची भूक

बर्लिनमधील शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांना १९२० च्या दशकात आढळले की, कर्कपेशी ग्लुकोज अधाशीपणे ओढून घेतात आणि प्राणवायू उपलब्ध असूनही त्यातील बराचसा भाग लॅक्टिक आम्लात रूपांतरित करतात. ऊर्जा अल्पच मिळते. परंतु नव्या पेशी घडविण्याचे साहित्य याच वाटेने लाभते. पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते ती या हावरेपणामुळेच.

‘मग रुग्णाची साखर तोडावी काय?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. साखर तोडली तरी यकृत ग्लुकोज निर्माण करतेच; उपासमारीने खंगतो तो रुग्ण. उपयोगी पडतो तो नेमका घाव. बालकांमधील एका तीव्र रक्तकर्करोगाच्या पेशींना ॲस्परजिन हे अमिनो आम्ल स्वतः पुरेसे बनविता येत नाही. निरोगी पेशींना ते साधते. ॲस्परजिनेज हे औषध रक्तातील ॲस्परजिन नष्ट करते आणि त्या पेशींची रसद तुटते.