नवें इंजिन, जुनी गाडी आणि तारांचा साज



घोड्याच्या अंगावर जो साज चढवितात त्यास इंग्रजींत ‘हार्नेस’ म्हणतात. मोटारींच्या धंद्यांत हाच शब्द निराळ्या अर्थानें रूढ आहे. इंजिनाच्या निरनिराळ्या भागांकडे जाणाऱ्या विजेच्या तारा मापानें कापून, त्यांच्या टोकांना कनेक्टर बसवून व त्या एकत्र गुंडाळून जो जुडगा तयार करतात, तो त्या इंजिनाचा हार्नेस. घोडा बदलला म्हणजे साज बदलावा लागतो. तसेंच इंजिन बदललें म्हणजे हा जुडगाही बदलावा लागतो. जुन्या गाडींत नवें इंजिन घालणाऱ्या हौशी लोकांसाठीं असे तयार जुडगे गाडीच्या मूळ कारखान्याखेरीज इतर व्यावसायिकही करून विकतात. असा जुडगा जुन्या गाडींत कसा जोडतात आणि त्यांत फसगत कोठें होते, हें आज पाहूं.

उदाहरणादाखल अमेरिकेंतील एक गाडी घेऊं. जनरल मोटर्स कंपनीची शेव्हरोले कॅमॅरो ही १९६७ सालच्या नमुन्यापासून विक्रीस आली. त्या वेळच्या तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण कार्बुरेटर करी, ठिणगी एकच कॉइल पुरवी, आणि ती कोणत्या सिलिंडरला द्यावयाची हें डिस्ट्रिब्यूटर ठरवी. असें इंजिन चालू ठेवण्यास चावीकडून कॉइलकडे जाणारी एक तार पुरे होती. पुढें त्याच कंपनीनें १९९७ सालच्या कॉर्व्हेट गाडींत ‘एलएस १’ या नांवाचें ५.७ लिटरचें इंजिन बसविलें. यांतही सिलिंडर आठच. परंतु प्रत्येकास स्वतःची कॉइल व पेट्रोल फवारणारा स्वतःचा इंजेक्टर. क्रँकशाफ्ट कोठवर फिरला, हवा किती आंत आली, पाणी किती तापलें, हे सारे निरोप निरनिराळे सेन्सर संगणकाकडे पोंचवितात. आणि ठिणगी केव्हां पाडावयाची व पेट्रोल किती द्यावयाचें, याचा निर्णय संगणक क्षणोक्षणीं करतो. या जातीचीं इंजिनें अमेरिकेंत भंगाराच्या आवारांत मिळतात, आणि तेथील हौशी मंडळी तीं जुन्या कॅमॅरोसारख्या गाड्यांत बसवितात.

आतां हा नवा जुडगा प्रथम पाहणाऱ्याची छाती दडपते. परंतु थोडा विचार केला तर असें दिसून येईल कीं, त्यांतील बहुतेक तारा इंजिन आणि संगणक या दोघांच्याच मधल्या आहेत. त्यांच्या कनेक्टरांचे आकार निरनिराळे असल्यामुळें एकाच्या जागीं दुसरा सहसा बसत नाहीं. जुन्या गाडीशीं या जुडग्याची गांठ पडते ती अवघ्या पांचसहा ठिकाणीं. चुका होतात त्या मात्र बहुधा याच पांचसहा ठिकाणीं. म्हणून कुशल कारागीर तारा मोजीत बसत नाहीं. नवें व जुनें जेथें एकमेकांस भेटतें, तेथें तो आपलें लक्ष घालतो.

पहिली भेट ‘अर्थ’ची. बॅटरीचें ऋण टोक गाडीच्या पत्र्यास जोडलेलें असतें व प्रवाह पत्र्यांतून परत येतो, हें आपण जाणतांच. पण इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसविलेलें असतें, आणि रबरांतून वीज जात नाहीं. इंजिन व पत्रा यांस जाड, विणलेल्या पट्टीनें जोडलें नाहीं, तर प्रवाह दुसरी वाट शोधतो. मग ॲक्सिलरेटरची पोलादी दोरी तापूं लागते. जुन्या गाडीच्या पत्र्यावर रंग व गंज असतो. समजा, एका सांध्यांत एक दशांश ओहम रोध आहे व त्यांतून १० अँपिअर प्रवाह जात आहे; तर ओहमच्या नियमाप्रमाणें तेथें १ व्होल्ट वायां जाईल. दिव्यास याचें कांहींच वाटणार नाहीं. परंतु सेन्सरांचे अनेक निरोप ५ व्होल्टांच्या आंतले असतात. सेन्सर व संगणक यांच्या ‘अर्थ’मध्यें अर्ध्या व्होल्टाचा जरी फरक पडला, तरी हिशेब एक दशांशानें चुकतो. म्हणून रंग खरवडून, धातु उघडा करूनच ‘अर्थ’ बसवावा.

दुसरी भेट चावीशीं. संगणकास दोन प्रकारचा प्रवाह लागतो: एक बॅटरीकडून अखंड, दुसरा चावी फिरविल्यावर. जुन्या गाडींत कॉइलकडे जाणारी तार आयतीच सांपडते, आणि तीच नव्या जुडग्यास जोडण्याचा मोह होतो. येथेंच मोठा सापळा आहे. ती साधी तार नसून मुद्दाम रोध असलेली तार आहे. कॉइल तापूं नये म्हणून कारखान्यानें ती तशी घातलेली असते. तिचा रोध दीड ओहम धरला आणि ४ अँपिअर प्रवाह ओढला, तर ६ व्होल्ट वाटेंतच खर्च होतील आणि १२ पैकीं ६ च उरतील. गंमत अशी कीं, नुसता मीटर लावला तर तो पुरे १२ दाखवितो. कारण मीटर जवळजवळ प्रवाहच ओढीत नाहीं, आणि प्रवाह नाहीं तेथें घटही नाहीं. म्हणून अशा तारेची परीक्षा तिच्यावर दिव्याचा भार घालून करावी.

चावीचा आणखी एक गुण लक्षांत ठेवावा. तिच्या कांहीं जोडण्या स्टार्टर फिरत असतांना, म्हणजे आमचे मिस्त्री ज्यास ‘सेल्फ मारणें’ म्हणतात त्या वेळीं, मृत होतात. संगणक अशा जोडणीवर बसविला, तर नेमक्या गरजेच्या वेळीं तो झोपी जातो. इंजिन फिरतें, पण पेटत नाहीं. म्हणून चावी ‘चालू’ असतां व ‘सेल्फ’ मारतांना, अशा दोन्ही वेळीं जिवंत राहणारी जोडणी शोधावी. आणि तिच्यावर सारा भार न टाकतां तिच्याकडून फक्त रिले चालवावा. रिले म्हणजे विद्युच्चुंबकानें लागणारें बटण. त्याच्या ८५ व ८६ या टोकांतून चावीचा अल्प प्रवाह जातो. त्यानें ३० व ८७ हीं टोकें जोडलीं जातात, आणि बॅटरीचा मोठा प्रवाह जाड तारेंतून थेट इंजिनाकडे जातो. जुन्या चावीनें हुकूम द्यावा, ओझें वाहूं नये.

तिसरी भेट पेट्रोलच्या पंपाची, आणि ही जिवावरची आहे. कार्बुरेटरला दर चौरस इंचास ५ ते ७ पौंड दाब पुरतो. या नव्या इंजिनास सुमारें ५८ पौंड लागतो. मूळ योजनेंत पंपाचा रिले संगणकाच्या हातीं असतो. चावी फिरवितांच पंप सुमारें दोन सेकंद चालतो व थांबतो. इंजिन फिरत असल्याचा निरोप आला तरच पुढें चालतो. घाईंत कोणी पंप सरळ चावीवर जोडतो. गाडी चालते, आणि जोडणाराही खूष असतो. परंतु अपघातांत नळी फुटली, इंजिन बंद पडलें, आणि चावी मात्र चालूच राहिली, तर तो पंप तापलेल्या लोखंडावर पेट्रोल ओतीतच राहील. संगणकाच्या हातचा पंप इंजिनाबरोबर आपोआप थांबला असता. एका तारेची ही किंमत आहे.

फ्यूजविषयींही एक गैरसमज आढळतो. फ्यूज उपकरणाचें रक्षण करतो असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो प्रथम तारेचें रक्षण करतो. म्हणून तो तारेच्या जाडीस शोभेल एवढाच असावा व बॅटरीच्या शक्य तितका जवळ बसवावा. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार अनाथ असते. तारा पत्र्याच्या भोंकांतून जातात तेथें रबरी कडें घालावें, धुराच्या नळीपासून त्यांना दूर ठेवावें, आणि कामास हात घालण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोक सोडावें.

कांहीं दोष मात्र तारांनीं सुटत नाहींत. मूळ गाडीची चोरी रोखणारी यंत्रणा जवळ नाहीं असें पाहून संगणक पेट्रोल अडवितो. इंजिन पेटतें आणि लगेच विझतें. तेथें संगणकाची आज्ञावलीच बदलावी लागते. तसेंच दोष दाखविणारा दिवा व तपासणीचें सॉकेट वगळण्याचा मोह टाळावा. त्यांच्यावांचून संगणक मुका होतो.

आपल्या देशांत मात्र हा खेळ मनास येईल तसा खेळतां येत नाहीं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल, ठराविक अपवाद सोडल्यास, मालकास करतां येत नाहीं. आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें याच अर्थाचा निर्वाळा दिला आहे. मग आपणांस या माहितीचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग असा कीं, घरच्या जुन्या गाडीस जादा दिवे किंवा गाण्याचें यंत्र बसवितांना हेच प्रश्न लहान प्रमाणांत उभे राहतात. प्रवाह कोठून घेतला, फ्यूज कोठें बसविला, रिले घातला कीं नाहीं, ‘अर्थ’ उघड्या धातूवर आहे कीं रंगावर, एवढे चार प्रश्न गाडी ताब्यांत घेण्यापूर्वीं मिस्त्रीस अवश्य विचारावे. चांगला मिस्त्री अशा प्रश्नानें रागावत नाहीं. तो बॉनेट उघडून दाखवितो.