तिकीट कोणाच्या हाती?

रेल्वेतून कागदी तिकीट सर्वस्वी रद्द करून त्याच्या जागी स्मार्टकार्ड आणावे, असा आग्रह धरणाऱ्यांनी तिकीट ही वस्तू मुळात कोणत्या प्रयोजनाने जन्मास आली, हे पाहावे. इंग्लंडात १८३० नंतरच्या दशकात, तिकिटे हाताने लिहून देण्याचा रिवाज असताना, टॉमस एडमन्सन या स्टेशनमास्तरांनी अनुक्रमांक घातलेली पुठ्ठ्याची छापील तिकिटे काढली व त्यांवर तारीख उठविणारे यंत्रही सिद्ध केले. त्यामुळे विक्रीचा हिशेब क्रमांकांवरून ताडता येऊ लागला व अफरातफरीस आळा बसला. परंतु आपल्याकडेही कित्येक पिढ्यांनी वापरलेल्या त्या लहानशा पुठ्ठ्याने उतारूच्या हाती असा एक दस्तऐवज दिला, की ज्यावरील स्टेशनांची नावे, वर्ग आणि भाडे अक्षरओळख असलेल्या कोणासही वाचता येत असे.

कार्डाचे गुण मी नाकारीत नाही. हाँगकाँगमध्ये १९९७ साली ‘ऑक्टोपस’ आणि लंडनमध्ये २००३ साली ‘ऑयस्टर’ कार्ड आले, आणि रोजच्या उतारूची तिकिटाच्या रांगेतून सुटका झाली. मात्र कार्ड टेकवताच उघडणारी व ते न टेकविणाऱ्यास अडविणारी फाटके तेथील स्टेशनांवर आहेत, म्हणून ती व्यवस्था चालते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत अशी फाटके नाहीत, आणि गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावरून लोटणारा जनसमुदाय ज्याने पाहिला आहे, त्याला ती का नाहीत हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच तेथे एटीव्हीएम यंत्रावर स्मार्टकार्ड ठेवून, पडद्यावर इच्छित स्टेशन निवडल्यावर, अखेर बाहेर येते ते कागदाचे तिकीटच. टीसीने हटकले तर दाखवावयाचे तेही तेच.

माझा मुख्य आक्षेप मात्र पुराव्याविषयी आहे. कार्डातील शिल्लक यंत्रावाचून दिसत नाही. बाहेर पडताना कार्ड टेकविण्याचे विसरल्यास लंडनमध्ये जादा भाडे कापले जाते. आणि वजावट चुकीची झाली तर सगळी नोंद यंत्रणेच्या दप्तरी, उतारूच्या खिशात काहीच नाही. शिवाय कार्ड नावानिशी घेतलेले असेल, तर आपण कोठे चढलो व कोठे उतरलो याची बखर परक्याच्या कपाटात तयार होते. वर्षाकाठी एखाद्या वेळी लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीने त्यासाठी अनामत भरून कार्ड का बाळगावे?

दिल्ली मेट्रोने २००२ साली कार्डे व टोकने घेऊनच आरंभ केला होता. तिनेही २०२३ साली क्यूआर छापलेले कागदी तिकीट सुरू केले. रोजच्या उतारूस कार्ड अवश्य द्यावे, पण मागताक्षणी छापील पावती देण्याचे बंधन त्यासोबत असावे, आणि रोख पैसे घेऊन तिकीट देणारी निदान एक खिडकी पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत प्रत्येक स्टेशनावर उघडी असावी.