जबड्याच्या सांध्याची वेदना : कारणे, उपचार व निदानातील सावधगिरी

प्रस्तावना :
खालचा जबडा कानाच्या पुढे कवटीच्या हाडाशी सांधलेला असतो. या सांध्यात एक चकती असून तोंड उघडताना सांधा बिजागरीप्रमाणे फिरतो व पुढेही सरकतो. झोपेत दात खाणे, मानसिक ताण, सतत चघळण्याची सवय अथवा इजा यांमुळे सांधा व भोवतालचे स्नायू दुखू लागतात.

उपचार :
बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची आवश्यकता नसते. मऊ भात, खिचडी असा आहार, ओला गरम शेक आणि मोठी जांभई टाळणे यांनी आराम पडतो. २०२३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखालील जबड्याच्या व्यायामांना प्राधान्य दिले असून चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेविरुद्ध सल्ला दिला आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ :
तोंड कमी उघडणे हा प्रत्येक वेळी सांध्याचा दोष नसतो. सुपारी व गुटख्यामुळे गालाच्या आतील त्वचेखाली तंतू वाढून गाल ताठर होतात. भारतात या विकाराचे वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली केले. हा विकार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी लागू झाली; तथापि सुपारीचे सेवन थांबलेले नाही.

समारोप :
जुन्नर-आंबेगावसारख्या ग्रामीण भागात एक साधी कसोटी उपयुक्त ठरते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात मावत नसतील, तिखटाने आग होत असेल, तर केवळ शेकावर विसंबून न राहता दंतवैद्यांकडून त्वरित तपासणी करून घेणे हितावह होय.