कांजिण्या गेल्या कुठे?

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जणांना कांजिण्या येऊन गेल्यात? अंगभर फोड, खाज, कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ आणि शाळेला सुट्टी! खपल्या पडल्या की आई म्हणते, "गेल्या बाई एकदाच्या."

पण त्या जातच नाहीत! कांजिण्यांचा विषाणू हर्पीस घराण्यातला. (तापानंतर ओठाच्या कडेला फोड आणणारा विषाणू याचाच भाऊबंद.) फोड सुकले तरी हा पठ्ठ्या पाठीच्या कण्यालगतच्या मज्जापेशींत दडी मारून बसतो. तिथे त्याला मारायचं तर मज्जापेशीच मारावी लागेल, आणि ती मेली की तिच्या जागी नवी येत नाही. मग शरीर काय करतं? पहारा ठेवतं! रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी 'टी पेशी' हे काम करतात. विषाणूनं डोकं वर काढलं की त्या त्याला दाबतात. वर्षानुवर्षं हे चालतं, आपल्याला पत्ताही नसतो.

पन्नाशीनंतर मात्र पहारा ढिला पडू लागतो. मग कधी विषाणू मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर येतो आणि छातीवर किंवा पाठीवर फोडांचा पट्टा उठतो. आग आग होते. हीच नागीण! इंग्लंडमधल्या होप-सिम्पसन या साध्या फॅमिली डॉक्टरांनी आपल्याच रुग्णांच्या नोंदी ठेवून १९६५ साली ही पहाऱ्याची कल्पना मांडली.

अमरावती-अकोल्याकडे कुणाला नागीण झाली की एखादी आजी म्हणतेच, "अवं माय, तोंड अन् शेपूट जुळलं का मानूस जाते!" घाबरू नका. एक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळतो, म्हणून नागीण मध्यावरच थांबते. विळखा पूर्ण होणार कसा?

तरीही मंत्र होतात, गेरूचा लेप लागतो. दोन-चार आठवड्यांत फोड आपोआप सुकतात आणि श्रेय मंत्राला! तोवर औषधाची वेळ टळलेली असते. असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी. काहींना नंतर महिनोन्‌महिने ठणका राहतो. डोळ्याजवळ उठली तर नजरेलाच धोका. तेव्हा आधी इर्विन नाहीतर सर्वोपचार रुग्णालय गाठायचं! पन्नाशीपुढच्यांसाठी २०२३ पासून भारतात लसही मिळते, पण ती बरीच महाग आहे.

आणि तुम्ही? आजोबांची नागीण तुम्हाला लागत नाही. पण कांजिण्या झाल्या नसतील, लसही घेतली नसेल, तर त्या फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या येऊ शकतात. खपल्या धरेपर्यंत आजोबांच्या कुशीत झोपणं बंद!