ग्रंथालयीन परिभाषेतील श्लेष आणि सूचितार्थ

ग्रंथालयाची भाषा ही निःसंदिग्धतेची भाषा मानली जाते. एका ग्रंथाला एकच बोधांक असावा आणि त्या बोधांकाने फळीवरील एकच जागा दाखवावी, ही तिची मूलभूत अपेक्षा असते. एका शब्दातून दोन अर्थ निघणे हा काव्यात अलंकार असला, तरी तालिकेत तो दोषच ठरतो. असे असूनही एकोणिसाव्या शतकातील युरोपीय ग्रंथालयांच्या आश्रयाने श्लेषाची आणि चावट सूचकतेची एक लक्षणीय परंपरा निर्माण झाली. तिचे स्वरूप व तिच्यामागील दृष्टी यांचा तौलनिक विचार येथे अभिप्रेत आहे.

या परंपरेचा उगम एका व्यावहारिक पेचात आहे. अश्लील ठरविलेले ग्रंथ नष्ट करणे हे संग्राहक संस्थेच्या धर्माविरुद्ध होते आणि ते सर्वांच्या हाती देणे तत्कालीन नीतिकल्पनांच्या विरुद्ध होते. त्यामुळे हे ग्रंथ वेगळ्या कपाटात गेले. परंतु कपाट वेगळे केले की त्याला नाव किंवा चिन्ह द्यावे लागते, आणि चिन्ह दिले की लपविलेल्या वस्तूकडे आपोआप निर्देश होतो. लपविणे आणि दाखविणे या दोन्ही क्रिया एकाच शब्दाला कराव्या लागल्या, तेथे सूचितार्थाला वाव मिळाला.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा ग्रंथांसाठी ‘आंफेर’, म्हणजे नरक, हा विभाग निर्माण केला. येथे श्लेषापेक्षा लक्षणा अधिक कार्य करते. ग्रंथांना पापी ठरविणारा हा शब्द त्याच वेळी त्यांच्या मोहकतेचीही जाहिरात करतो. कवी गीयोम आपोलिनेर याने फेर्नां फ्लरे आणि लुई पेर्सो यांच्या सहकार्याने 1913 मध्ये या नरकाची तालिकाच प्रसिद्ध केली, तेव्हा शासकीय विभागाचे नाव वाङ्मयीन कुतूहलाचा विषय बनले. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात अशा ग्रंथांवर ‘फाय’ हे ग्रीक अक्षर घातले जाई. इंग्रजी उच्चारात हे अक्षर आणि ‘छी!’ या अर्थाचा जुना उद्गार यांचा ध्वनी एकच होतो. चिन्हाच्या निवडीमागे हाच विनोद असावा, असे एक मत आहे. ते ग्राह्य मानल्यास हा अभंग श्लेषाचा नमुना ठरतो, कारण शब्दाची फोड न करता दोन्ही अर्थ उपस्थित होतात.

सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण हेन्री स्पेन्सर ॲशबी (1834–1900) या लंडनमधील व्यापारी ग्रंथसंग्राहकाचे आहे. त्याने ‘पिसानुस फ्राक्सी’ या टोपणनावाने निषिद्ध ग्रंथांच्या तीन वर्णनात्मक सूची खासगीरीत्या छापल्या. लॅटिनमध्ये ‘फ्राक्सिनुस’ म्हणजे ॲश वृक्ष आणि ‘आपिस’ म्हणजे मधमाशी, इंग्रजीत ‘बी’. आडनावाची अशी फोड व भाषांतर करून, मिळालेल्या बारा अक्षरांची फिरवाफिरव केली की टोपणनाव सिद्ध होते. त्याचा पूर्वार्ध इंग्रजी वाचकाला दोन ग्राम्य, देहधर्मवाचक शब्दांची आठवण करून देतो. सभंग श्लेष, अक्षरविपर्यय आणि भाषांतर या तीन प्रक्रिया एकाच नावात एकवटल्या आहेत.

सूचींची शीर्षकेही अशीच द्व्यर्थी आहेत. 1877 च्या पहिल्या खंडाला त्याने ‘इंडेक्स लिब्रोरुम प्रोहिबितोरुम’ हे नाव दिले. ते 1559 मध्ये पोप चौथा पॉल याच्या काळात निघालेल्या रोमन कॅथलिक चर्चच्या निषिद्ध ग्रंथसूचीशी निगडित होते. वाचू नये असे सांगणाऱ्या सूचीचे नाव अशा रीतीने काय वाचता येईल हे सांगणाऱ्या सूचीला मिळाले. 1879 च्या खंडात ‘लपविलेले’ आणि 1885 च्या खंडात ‘ज्यांविषयी मौन पाळावे असे’ ग्रंथ येतात. निषेध, गोपन आणि मौन अशी ही चढती श्रेणी आहे, आणि मौनाच्या नावाखाली बोलणे भरपूर आहे.

ॲशबीने आपला संग्रह मृत्युपत्राद्वारे ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यात सर्व्हान्टिसविषयक ग्रंथांचा मौल्यवान साठा होता आणि त्याच्या सोबतीने कामविषयक ग्रंथही होते. हे ग्रंथ ‘प्रायव्हेट केस’ या बंद विभागात गेले. 1960 च्या दशकापर्यंत या विभागातील ग्रंथांची नोंद सर्वसाधारण तालिकेत होत नसे. ग्रंथ अस्तित्वात आहे हेच वाचकाला कळत नसेल, तर तो मागणार कसा? पीटर फ्रायर याने 1966 मध्ये या विभागावर लिहिलेल्या पुस्तकाचे शीर्षकही ‘खासगी’ आणि ‘सार्वजनिक’ यांच्या विरोधावर व ‘केस’ शब्दाच्या ‘कपाट’ आणि ‘प्रकरण’ या दोन अर्थांवर आधारलेले आहे. मात्र येथे श्लेषाची दिशा उलटली आहे: तो दार उघडण्याची मागणी करतो.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त आर्थी व्यंजनेचे नियामक सांगताना वक्ता आणि बोद्धव्य, म्हणजे ज्याला उद्देशून बोलावयाचे तो, यांना आरंभीच स्थान दिले आहे. ॲशबीच्या विनोदाचा बोद्धव्य लॅटिन जाणणारा, म्हणजे त्या काळी प्रामुख्याने उच्चवर्गीय पुरुष होता. विनोद कळणे हाच प्रवेशाचा परवाना ठरे. त्यामुळे हा श्लेष निर्बंधाचा उपहास करताना दिसला, तरी वाचकांची निवड करण्याचे निर्बंधाचेच कार्य तो अन्य मार्गाने पार पाडतो.

भारतीय परंपरेत ग्रंथ आणि शृंगार यांची सांगड वेगळ्या ठिकाणी पडते. पुस्तक, स्त्री आणि धन परहस्ते गेले की गेलेच, आणि परतले तर बिघडूनच परतते, या आशयाचे संस्कृत सुभाषित महाराष्ट्रातही सुपरिचित आहे. तीन पदार्थांना एका क्रियेत गोवणारी ही रचना दीपक अलंकाराच्या जवळ जाते. पुस्तकाच्या संदर्भात निरुपद्रवी असणारे विशेषण स्त्रीच्या संदर्भात चारित्र्यावरील सूचक शेरा बनते. येथे कुलूपबंद कपाट नाही. उसने देणाऱ्याची धास्ती आहे. तरीही एक साम्य ठळक आहे: दोन्हीकडे विनोद मालकाच्या बाजूने होतो. स्त्री ही उसनी देण्याजोग्या वस्तूंच्या रांगेत बसते, आणि तिचे किंवा वाचकाचे म्हणणे ऐकू येत नाही.

मराठी ग्रंथालयीन शब्दांकडे पाहिल्यास असे दिसते की, ‘वर्गांक’, ‘दाखलांक’ यांसारख्या घडविलेल्या संज्ञा एकार्थी राहतात. परंतु ‘देवघेव’ आणि ‘मुक्तद्वार’ यांसारखे शब्द लोकव्यवहारातून आल्यामुळे त्यांच्यामागे अर्थाचे वलय उरते. ‘बासनात गुंडाळणे’ हा वाक्प्रचार तर पोथी जपण्याच्या कृतीतूनच एखादा विषय गुपचूप मागे टाकण्याच्या अर्थापर्यंत पोहोचला आहे. जपणे आणि दडपणे यांतील अंतर किती थोडे आहे, हे या शब्दाने नोंदवून ठेवले आहे.

शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र ग्रंथ उपयोगासाठी असतात, असे सांगते. त्याच्या विवेचनात साखळीने बांधलेल्या मध्ययुगीन ग्रंथांचा दाखला येतो. या सूत्राने ग्रंथव्यवहाराचा केंद्रबिंदू मालकाकडून वाचकाकडे सरकतो, आणि त्याबरोबर गोपनावर पोसलेल्या सूचितार्थाचा आधारही ढळतो. पॅरिसच्या ‘आंफेर’ विभागाचा पुढील इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. 1969 मध्ये तो बंद झाला आणि 1983 मध्ये संशोधकांच्या सोयीसाठी त्याचे चिन्ह पुन्हा वापरात आले; 2007 मध्ये त्यातील ग्रंथांचे सार्वजनिक प्रदर्शनही भरले. नाव तेच राहिले, पण आता ते वाचकाला फळीवरची जागा दाखविते. सूचितार्थ ओसरून शब्द पुन्हा परिभाषेत दाखल झाला. तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने अशा शब्दांची अर्थच्छटा भाषांतरित करण्याइतकेच, त्या शब्दांवर कोणाला हसता येत होते आणि कोणाला ते कपाट दिसतच नव्हते, याची नोंद घेणे आवश्यक ठरते.